डावा खांदा, सव्वा इंच

काका रोज सकाळी मापाच्या टेपला इस्त्री करायचे.

दुकान उघडल्यावर पहिली इस्त्री गिऱ्हाइकाच्या कपड्याला नाही, टेपला. टेबलावर ती पिवळी कापडी टेप सरळ अंथरायची, तिच्यावर ओलसर मलमल टाकायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इस्त्री अशी हळू न्यायची, की झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवतायत असं वाटावं. "चुरगळलेल्या टेपने चुरगळलेलं माप येतं," असं ते म्हणायचे. हे खरं आहे का, ते कुणी तपासलं नाही. इस्त्री झाली की टेप गळ्यात, ती थेट दुकान बंद करेपर्यंत. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या खिशातून टेपचं टोक बाहेर आलेलं दिसतं, आणि काकूने ते त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

काका शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. माणूस दारातून आत आला की ते त्याच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी खांदे, मग पाठ, मग कंबर, मग चालताना कुठला पाय बाहेर पडतो ते. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून आला तर काका कोऱ्या चेहऱ्याने पुढे जायचे, आणि तो पाठमोरा झाला की एकदम हाक मारायचे, "अरे, तुम्ही होय!"

त्यांचं एक मत होतं. प्रत्येक माणूस कुठेतरी वाकडा असतो, कारण वर कापणाऱ्याने घाई केलेली असते. कुणाचा एक हात लांब, कुणाची पाठ पोक आलेली. शिंप्याचं काम ती चूक कापडात सांभाळून घ्यायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तोंडातून काढायचा नाही म्हणून काका ते वहीत काढायचे.

ती मापाची वही जाडजूड होती. तिच्यात नावं नव्हती. एकाच नावाची चार माणसं असतात, पण एकाच पाठीची दोन नसतात, असा त्यांचा हिशेब. म्हणून प्रत्येकाची एक ओळ. "कॅशियर. पोट आहे, कबूल नाही. कंबरेत दोन इंच न सांगता सोडणे." "दंतवैद्य. मान नाही. कॉलर बुटकी." "वकीलबाई. उजवा हात लांब, बोलताना तोच वर जातो, बाही जपून." आणि त्या वहीतली त्यांची सगळ्यात लाडकी ओळ: "हेडसर. डावा खांदा दीड इंच खाली. त्यांना माहीत नसावं. पॅड दुप्पट, बोलायचं नाही."

हेडसर शाळेत गणित शिकवायचे आणि मुख्याध्यापक होते. बावीस वर्षांत काकांनी त्यांचे सहा कोट शिवले. त्या कोटात सर असे सरळ दिसायचे की त्यांच्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवावा.

घोटाळा सुरू झाला तो दुकान वर गेल्यामुळे. जुन्या दुकानांची रांग पाडली आणि तिथे नवी इमारत झाली. जुन्या दुकानदारांना चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. काकांच्या चिठ्ठीत दुसरा मजला निघाला, तोही कोपऱ्यातला. चव्वेचाळीस पायऱ्या. आधी शिवणयंत्र काचेला लागून असायचं, येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि बघता बघता एखादा आत यायचा. आता काचेसमोर भिंत होती आणि भिंतीवर पाटी होती, "इथे सायकली लावू नयेत." दुसऱ्या मजल्यावर सायकल कोण आणणार होतं, देव जाणे. ज्या हौसेने ती पाटी लावली होती, ती हौस खाली काकांचं नाव लावायला कुणाला नव्हती. तीन महिन्यांत नवीन अशी सात माणसं वर आली. त्यातल्या चौघांना स्वच्छतागृह हवं होतं.

तळमजल्यावर, बरोबर जिन्याशेजारी, तयार कपड्यांचं मोठं दुकान होतं. मालक मनाने वाईट नव्हता. एक दिवस तो स्वतः धापा टाकत वर आला.

"मास्तर, कशाला इथे माश्या मारताय? माझ्याकडे या. गिऱ्हाइकाला पँट लांब झाली की खालून कापायची आणि टीप मारायची. दिवसभर पंख्याखाली बसायचं. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल."

तो गेल्यावर काका बराच वेळ कात्री पुसत बसले. मग काकूला म्हणाले, "चाळीस वर्षं माणसं शिवली. आता नुसते पाय कापू होय गं?"

काकू म्हणाली, "लोकांना कळू तरी द्या तुम्ही वर आहात ते. इतकं गुपचूप कुणी दुकान चालवतं का? चोरसुद्धा जरा आवाज करतो."

महिना संपायला दहा दिवस होते.

इमारतीच्या मॅनेजरने वरच्या दुकानदारांना जिन्याच्या पायथ्याशी एकेक बोर्ड लावायला परवानगी दिली होती. काकांकडे बोर्डासाठी मालमसाला भरपूर. गिऱ्हाइकं नवा कोट घालून कुठल्या समारंभाला गेली की कौतुकाने फोटोची एक प्रत काकांना आणून द्यायची. टेबलाच्या खणात असे फोटो साठले होते. काकांनी त्यातले नऊ निवडले, बोर्ड छापणाऱ्याकडे दिले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं: "आमची समाधानी गिऱ्हाइकं. दुसरा मजला."

कुणाला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कोट त्यांनी शिवला, फोटो कोटाचा. आत माणूस होता हा योगायोग.

बोर्ड सकाळी दहाला लागला. एक वाजता कॅशियर वर आले. चव्वेचाळीस पायऱ्यांनी तोंड लाल झालं होतं, की रागाने, ते सांगता येत नव्हतं.

"मास्तर! मी खाली भिंतीवर काय करतोय?"

"उभे आहात," काका म्हणाले. "छान उभे आहात."

"मला विचारलं होतं?"

"कोट विचारूनच शिवला होता की."

"कोटाचं नाही, तोंडाचं म्हणतोय मी! सकाळपासून तीन जणांनी विचारलं, बँक सोडून शिवणकामात कधी पडलात? साहेबांनी आत बोलावलं. आमच्यात जोडधंद्याला बंदी आहे, बंदी!"

"मग तोंडावर काळी पट्टी लावू?"

"म्हणजे लोक म्हणतील कॅशियर फरारी आहे!"

आरडाओरडा ऐकून मॅनेजर आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि बोर्ड उतरवायला लावला. "आधी नऊच्या नऊ जणांच्या लेखी परवानग्या आणा, मास्तर. माणसाचं तोंड ही त्याची मालमत्ता असते. धंद्याला वापरायचं तर त्याला विचारावं लागतं."

"आणि पाठ?"

"पाठसुद्धा."

काकांना हे नवीन होतं. चाळीस वर्षं ते परक्या पाठींवर खडूने रेघा मारत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंकडे गेले. बाई स्वतः बोर्डावर होत्या आणि फोटोत बऱ्या दिसत होत्या, त्यामुळे रागावल्या नव्हत्या. त्यांनी समजावलं, "हे बघा मास्तर, चेहरा त्यांचा, धंदा तुमचा. मध्ये एक कागद लागतो. फोटो कुणाचा, कशासाठी वापरणार, कुठे लावणार, किती दिवस. आणि उद्या तो नको म्हणाला तर काढायचा. एवढं लिहून सही घ्या, की तुम्ही मोकळे." त्यांनी मसुदाही करून दिला. सुरुवात अशी होती: "मी," मग मोकळी जागा, मग "याद्वारे स्वखुशीने लिहून देतो, की माझे छायाचित्र सदर दुकानाच्या व्यवसायासाठी वापरण्यास माझी हरकत नाही."

आता त्या मोकळ्या जागा भरून नऊ कागद टाइप करायचे होते, आणि टाइप करायला घरातच माणूस होतं.

काकूने एकतीस वर्षं सरकारी कचेरीत नकला टाइप केल्या होत्या. मूळ कागद डावीकडे, टाइपरायटर समोर, मन घरी. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्याकडे एक दाखला आला होता, ज्यात मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तिने आपल्या अकलेने ते दुरुस्त केलं, आणि चौकशी लागली ती तिच्याच मागे. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. नक्कल करणाऱ्याने वाचायचं नसतं. समोर जे आहे ते उतरवायचं, माशी चिकटलेली असेल तर माशीसकट.

ती संध्याकाळी दुकानात टाइपरायटर घेऊन बसली. काका बाही बसवत होते. बाही बसवताना त्यांच्या ओठांत टाचण्या असत, आणि त्यांच्या कानाशी बॉम्ब फुटला असता तरी त्यांनी नुसतं "हूं" केलं असतं.

"अहो, वहीत नावं नाहीयेत कुणाची."

"हूं."

"मग मोकळ्या जागेत ओळ घालू? ही वहीतली?"

"हूं."

"पूर्ण?"

"हूं, हूं."

काकूने ओळ घातली. पूर्ण. नऊ जणांच्या नऊ ओळी, एकेका अक्षराशी ताडून. मग तिने कागदांचे कोपरे जुळवले आणि काकांपुढे ठेवले. काकांनी वरचा एक उचलून उजेडात धरला. त्यांनी समास बघितले. दोन्हीकडचे सारखे होते. खालची सहीची जागा बघितली, ती सरळ होती. "वा," ते म्हणाले, "काय फिनिशिंग आहे!" आणि नऊ कागद नऊ पाकिटांत घातले. दुसऱ्या दिवशी स्वतः हिंडून त्यांनी ती पाकिटं घरोघर दिली. प्रत्येकाला हसून सांगितलं, "निवांत वाचा, आणि सही करा."

लोकांनी निवांत वाचलं.

त्याच्या पुढच्या सकाळी जिन्यावर एवढे पाय वाजले की काकांना आधी वाटलं, आग लागली. आठ जण होते, सगळ्यांच्या हातात कागद. सगळ्यात पुढे कॅशियर.

"हे काय आहे?" त्यांनी कागद फडकवला आणि मोठ्याने वाचायला लागले. "मी, कॅशियर, पोट आहे, कबूल नाही, कंबरेत दोन इंच न सांगता सोडणे, याद्वारे स्वखुशीने लिहून देतो... स्वखुशीने?"

काकांच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून खाली पडल्या.

"माझं ऐका," दंतवैद्य मागून पुढे घुसले. "मान नाही! मान नाही म्हणजे काय? मग माझं डोकं कशावर आहे?"

कॅशियरनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो, खरंच की," ते म्हणाले. "नाहीये!"

"तुम्ही तुमच्या पोटाचं बघा!"

"ते दोन इंच कमी दिसतंय, वाचलं नाही का तुम्ही?"

"एकोणीस वर्षं मी यांना दात दाखवा म्हणतोय, आणि हे माझी मान मोजतायत!"

वकीलबाई शांतपणे खुर्चीत बसल्या. "मास्तर, हा दस्तऐवज कायद्याने एक मिनिट टिकणार नाही," त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा उजवा हात वर गेला. सगळ्यांनी तो हात पाहिला. बाईंनीही पाहिला. मग त्यांनी तो डाव्या हाताने धरून खाली आणला. "वर्णनाबद्दल मात्र मला काही म्हणायचं नाही."

"कुणी टाइप केलं हे?" कॅशियर कडाडले.

काकू पदर खोचून उभी राहिली. "मी. मूळ प्रतीशी ताडून पाहा. एक अक्षर इकडचं तिकडे सापडलं तर पेन्शन परत करीन."

मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाला स्वतःचा कागद अपमान वाटत होता आणि दुसऱ्याचा वाचावासा वाटत होता. कागद हातोहात फिरले. हसू दाबायचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि त्याने राग आणखी वाढला. शेवटी आठही कागद टेबलावर पडले आणि आठ जण जिना उतरून गेले. कुणी सही केली नाही. जाता जाता कॅशियर म्हणाले, "मास्तर, एवढी वर्षं तुम्ही माझ्याशी हसून बोलत होतात, तेव्हा मनात हे चाललं होतं होय?"

काका स्टुलावर बसून राहिले. बोर्ड गेला, ते एक झालं. पण वहीतली ती गुपितं त्यांनी कापड आणि अस्तर यांच्यामध्ये वर्षानुवर्षं जपली होती, आणि आता स्वतःच्या हाताने घरोघर वाटली होती.

"आठच आले," काही वेळाने ते म्हणाले.

"नववे कोण?" काकूने विचारलं.

"हेडसर."

"मग ते रागावले नसतील."

"अगं, त्यांना माहीतच नव्हतं."

काकूने वहीतली ओळ पुन्हा काढली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा नक्कल केलेला मजकूर वाचला. मग हळूच म्हणाली, "अगं बाई! यात 'बोलायचं नाही' असं पण लिहिलंय की हो."

"तेही टाइप केलंस?"

"ओळीत होतं ना!" वही मिटून ती म्हणाली, "जाऊन या. चुकी दोघांची आहे, पण जायचं तुम्हीच. मी आले तर तिथेही पेन्शन परत करायला निघेन."

हेडसर एकटेच राहायचे. काका गेले तेव्हा दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत सर बनियनवर उभे होते, मोठ्या आरशासमोर. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आडवी, मानेच्या मागून, फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी होती. आरशात काकांना बघून त्यांनी मान हलवली नाही.

"बरं झालं आलात मास्तर. टेबलावर खडू आहे. तो पट्टीच्या बरोबर मध्ये ठेवा. आडवा."

"सर, मी माफी मागायला..."

"आधी खडू."

काकांनी खडू ठेवला. खडू क्षणभर थांबला आणि डावीकडे घरंगळत गेला. काकांनी तो हवेत झेलला.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही डावीकडे. तिसऱ्यांदा झेलताना काका सरांच्या पलंगावर पडले.

"एकदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर सिद्ध," सर म्हणाले. "आता तो कोट द्या."

काकांनी खुंटीवरचा कोट त्यांच्या अंगावर चढवला, पाठ झटकली, पट्टी पुन्हा ठेवली, वर खडू ठेवला. खडू हलला नाही. खोलीत काहीच हलत नव्हतं. दोघं आरशातल्या त्या पांढऱ्या खडूकडे बघत राहिले.

"लहानपणी झाडावरून पडलो होतो," सर म्हणाले. "आई म्हणायची, मोठा झालास की आपोआप बरा होईल. नाही झाला. पस्तिशीत तुमच्याकडे पहिला कोट शिवला, तो घालून आरशात बघितलं. बरा झालेला. मला वाटलं, उशिरा का होईना, आईचं म्हणणं खरं ठरलं." त्यांनी आरशातल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. "म्हणजे बरा झालाच नव्हता."

"कोटात झाला होता, सर."

"बावीस वर्षं मी मैदानावर उभा राहून मुलांना सांगत आलो, खांदे समान ठेवा, माझ्याकडे बघा."

"मग बघायची ना मुलं?"

"बघायची."

"आणि ठेवायची?"

सरांनी विचार केला. "ठेवायची," ते म्हणाले. मग त्यांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. काका घाबरून पाण्याचा तांब्या शोधायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सर हसतायत. हसण्याने खडू पडला. हा मात्र उजवीकडे पडला.

मग सरांनी कोट काढला, टेबलावरचा गुण्या आणि फूटपट्टी घेतली आणि काकांना धरायला लावून आरशात स्वतःचा खांदा स्वतः मोजला. दोनदा मोजला. मग काकूने टाइप केलेला तो कागद पुढे ओढला आणि लाल पेन उघडलं.

"दीड नाही, सव्वा," ते म्हणाले, आणि "दीड" खोडून वर "सव्वा" लिहिलं. "'त्यांना माहीत नसावं' हे आता असत्य आहे." तेही खोडलं. "पॅड दुप्पट, हा तुमच्या धंद्याचा भाग." तोही खोडला. "'बोलायचं नाही', हे मला मान्य नाही." तेही गेलं. खाली त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि शिक्षकी सवयीने कडेला शेरा मारला, "टंकलेखन सुबक."

काकांचा विश्वास बसेना. "सर, म्हणजे फोटो लावू?"

"लावा. अट एकच. फोटोखाली माझी ओळ आली पाहिजे. उरली आहे तेवढी."

"नको सर! शिंप्याने गिऱ्हाइकाचं उणं चारचौघांत सांगायचं नसतं. आधीच एकदा सांगून बसलोय."

"तुम्ही कुठे सांगताय? मी सांगतोय. चेहरा माझा, खांदा माझा, सही माझी. यालाच परवानगी म्हणतात ना मास्तर? की नऊ पाकिटं वाटलीत ती परवानगी म्हणजे काय हे न कळताच?"

काकांनी खरंच न कळताच वाटली होती.

महिना संपायला तीन दिवस असताना नवा बोर्ड लागला. त्यावर एकच फोटो. राखाडी कोटातले हेडसर, ताठ, समोर बघणारे. खाली दोन ओळी. पहिली: "डावा खांदा सव्वा इंच खाली." दुसरी सरांनी आयत्या वेळी छपाईवाल्याला फोन करून वाढवली होती: "दिसतो का?"

मॅनेजरने परवानगीचा कागद बघितला, त्यावरची लाल खाडाखोड बघितली, खाली सही बघितली आणि तो फाईलला लावला.

तासाभरात जिन्याच्या पायथ्याशी माणसं थांबायला लागली. आधी सरळ उभी राहून बघायची, मग मान डावीकडे करून, मग उजवीकडे. एक जण खाली वाकून दोन पायांमधून बघताना सापडला. "उजवाच खाली आहे," "छे, दोन्ही सारखे," "छापायला चुकलंय," अशी भांडणं लागायची. आणि दुपारी पहिला अनोळखी माणूस चव्वेचाळीस पायऱ्या चढून वर आला. त्याने आत येऊन दार लावून घेतलं. काकांच्या कानाशी येऊन तो पुटपुटला, "मास्तर, माझं पण एक आहे."

तीस तारखेला अशी अकरा माणसं आली. सगळ्यांनी दार लावून घेतलं. दुकान म्हणजे दवाखाना झाला. काकांनी वहीला कुलूप केलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

महिनाअखेरीला रेडिमेडवाला उत्तर घ्यायला आला. काका म्हणाले, "माफ करा, पायांना सवड नाही." तो वाईट वाटल्यासारखा उभा राहिला, पण गेला नाही. मग त्यानेही दार लावून घेतलं. त्याचा एक पाय आखूड होता आणि स्वतःच्या दुकानातली एकही पँट त्याला आजवर नीट बसली नव्हती.

बाकीचे आठ रागातून बाहेर यायला तीन आठवडे लागले. मग एकेक जण दुसऱ्याच कामाने आल्यासारखा येऊन विचारू लागला, बोर्डावर एकट्या हेडसरांनाच का? दंतवैद्यांनी तर परवानगीचा कागद स्वतःच लिहून आणला. काका म्हणायचे, "लावतो की. फोटोखाली ओळ लागेल मात्र." मग ते कागद घडी घालून खिशात परत ठेवायचे. फक्त कॅशियरनी हार मानली नाही. ते दर वर्षी एकदा तरी म्हणायचे, "पोट सोडून दुसरं काहीतरी लिहा ना मास्तर." काका वही उघडून, बघितल्यासारखं करून म्हणायचे, "दुसरं काही नाही हो तुमच्यात, बाकी सगळं बरोबर आहे." कॅशियरना यात कौतुक वाटायचं, आणि ते आणखी एक शर्ट शिवायला टाकून जायचे.

असं अकरा वर्षं चाललं. हेडसरांनी परवानगी कधी मागे घेतली नाही. ते गेल्यावर काका बोर्ड उतरवायला निघाले, कारण आता विचारायचं कुणाला? सरांच्या कपाटात एक पाकीट निघालं. आत लाल पेनने लिहिलं होतं, "पुढेही हरकत नाही." काकूने त्याच्या दोन नकला केल्या.

काका गेले ते एका शुक्रवारी. दुपारचं जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. भेटायला येणारे विचारायचे, शेवटी काही बोलले का? त्यांना मोठं काहीतरी ऐकायचं असायचं. काकू म्हणायची, "मला म्हणाले, पंखा जरा कमी कर. पण ते झोपेत." नीट, शुद्धीतलं, दुकानातलं शेवटचं बोलणं आदल्या दिवशीचं. कॅशियर निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या दिवसासाठी त्यांचा कोट चालला होता. ट्रायलला ते आरशासमोर श्वास रोखून उभे होते. काकांनी पाठीवर खडूची रेघ मारली, कोट अलगद काढून घेतला, आणि ओठांतली शेवटची टाचणी उशीत खोचून म्हणाले,

"शनिवारी न्यायला या. सकाळी नको, काजं व्हायचीत."